मधुमेह आणि मूलपेशी : एका आशेचा इतिहास



आजचा विषय वैद्यकांतला आहे. बोलणारा मात्र वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत गेला, आणि कोणतीहि नवी गोष्ट कानांवर आली कीं ती कोठून आली, तिच्या आधीं कोणीं काय केलें, हें विचारण्याची खोड जडली. ती म्हातारपणींहि जात नाहीं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मधुमेहावरील एका नव्या उपचाराचें नांव आपण वारंवार ऐकत आहां. इंग्रजींत त्याला 'स्टेम सेल' म्हणतात. आपण मूलपेशी म्हणूं. रुग्णाच्याच हाडांतील मज्जा काढावयाची, तींतील मूलपेशी निराळ्या करावयाच्या, त्या पुन्हां त्याच्याच शरीरांत सोडावयाच्या, आणि मग म्हणे साखर उतरते, इन्शुलिनची सुई सुटते. ज्या घरांत दररोज ती सुई टोंचून घ्यावी लागते त्या घराला ही वार्ता किती गोड वाटत असेल हें सांगावयास नको. ती कितपत खरी, हें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

मधुमेह एक नव्हे, दोन आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, अल्पाहारी व तहानेनें व्याकूळ. दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी, बसण्या-निजण्याची आवड असणारा. तेथें सांगितलेले उपायहि मोठे मासलेवाईक आहेत. रोगी निर्धन असेल तर त्यानें भिक्षेवर राहून शंभर योजनें चालावें. किंवा विहीर खणावी! आज शहरांत विहीर खणावयास जागा कोठली, हा प्रश्न निराळा. परंतु औषधाआधीं शरीराला कामाला लावावें, हा विचार त्यांत स्पष्ट दिसतो. आज ज्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात तो स्थूलमानानें हाच अपथ्यनिमित्तज. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढच्या कथेंत जो घोटाळा होतो तो बहुतेक तो विसरल्यामुळेंच होतो.

युरोपांत या रोगाचें स्थान शरीरांत नेमकें कोठें, हें कळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८६९ सालीं बर्लिन येथें पॉल लँगरहान्स नांवाच्या विद्यार्थ्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं स्वादुपिंडांत पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. ते कशासाठीं आहेत हें त्याला कळलें नाहीं, आणि तसें त्यानें प्रामाणिकपणें लिहूनहि ठेविलें. त्या पुंजक्यांना पुढें 'लँगरहान्सचीं बेटें' हें नांव मिळालें. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मेरिंग व मिन्कोव्स्की या दोघांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्या कुत्र्याला मधुमेह जडला. मिन्कोव्स्कीनें एवढ्यावर न थांबतां पुढें आणखी एक प्रयोग केला. स्वादुपिंड काढतांना त्याच कुत्र्याच्या त्या ग्रंथीचा एक तुकडा त्याच्याच कातड्याखालीं बसविला. तेव्हां मधुमेह झाला नाहीं. नंतर तो तुकडा काढला, तेव्हां मात्र झाला. बिघडलेल्या अवयवाच्या जागीं जिवंत पेशी बसविल्या तर हा रोग हटेल, या आशेचा जन्म येथें झाला.

ती आशा माणसावर लगेच अजमावून पाहण्यांत आली. डिसेंबर १८९३ मध्यें इंग्लंडांत ब्रिस्टल येथें पंधरा वर्षांचा एक मुलगा मधुमेहानें मरणोन्मुख झाला होता. वॉटसन विल्यम्स या डॉक्टरांनीं नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तीन तुकडे त्याच्या कातड्याखालीं बसविले. तिसऱ्या दिवशीं मुलगा दगावला. कुत्र्याला जें साधलें तें मुलाला कां साधलें नाहीं? एक कारण आज उघड दिसतें. कुत्र्याला त्याचाच तुकडा दिला होता, मुलाला दिला तो मेंढीचा. आणि शरीर परक्याला आंत राहूं देत नाहीं. त्या काळीं हें कोणास ठाऊक नव्हतें. त्या डॉक्टरांना दोष देण्याचें मला धाडस होत नाहीं. मुलगा असाहि जाणार होता, दुसरें औषध पृथ्वीच्या पाठीवर नव्हतें, आणि त्यांनीं आपला विफल प्रयत्न लपवून न ठेवतां छापून प्रसिद्ध केला.

१९२१ व १९२२ सालची टोरांटोची कथा आपण सर्वांनीं वाचलेली आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. बँटिंग व बेस्ट यांनीं मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडाचा अर्क काढला; ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो टोंचला, पण तो अशुद्ध असल्यामुळें साधला नाहीं; कॉलिप यांनीं तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हां दिला, आणि मुलगा वांचला. तो पुढें तेरा वर्षें जगला. पेशी बसवावयास नकोत, पेशींनीं केलेला रस बाहेरून दिला तरी चालतें, असें ठरलें, आणि जिवंत पेशींचा विचार बराच काळ मागें पडला.

परंतु त्या इन्शुलिननेंच एक कोडें पुढें आणलें. १९३६ सालीं लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं दाखविलें कीं कांहीं रोगी इन्शुलिनला चटकन दाद देतात, तर कांहीं त्याला जुमानीतच नाहींत. पुढें १९६० च्या सुमारास न्यू यॉर्क येथें रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनीं रक्तांतील इन्शुलिन मोजण्याची रीत शोधून काढली. प्रौढपणीं मधुमेह जडलेल्यांचें रक्त तपासतां त्यांतील पुष्कळांत इन्शुलिनचा दुष्काळ नव्हता; तें निरोगी माणसाहूनहि अधिक होतें! सुश्रुताचे दोन रोगी अशा रीतीनें पुन्हां समोरासमोर उभे राहिले. पहिल्याची विहीरच कोरडी पडलेली. दुसऱ्याच्या विहिरीला पाणी आहे, पण वाफा तें पीत नाहीं. म्हणून मोट अधिकाधिक हांकावी लागते, आणि वर्षानुवर्षें हांकतां हांकतां शेवटीं बैल बसतो. २००३ सालीं अमेरिकेंत मृतांचीं स्वादुपिंडें तपासण्यांत आलीं, तेव्हां स्थूल मधुमेहींत इन्शुलिन करणाऱ्या बीटा पेशींचा भाग तितक्याच स्थूल पण मधुमेह नसलेल्या माणसांच्या मानानें ६३ टक्क्यांनीं कमी आढळला. म्हणजे दुसऱ्या प्रकारांत दोन दुखणीं एकावर एक बसलेलीं असतात : आधीं वाफ्याचें, मग बैलाचें. नव्या पेशी देऊं म्हणणाऱ्याला आपण कोणतें दुखणें बरें करणार आहों, हें सांगतां आलें पाहिजे.

आतां मूलपेशींकडे वळूं. मौज अशी कीं ही कथाहि टोरांटोचीच आहे. तेथें जेम्स टिल नांवाचे पदार्थविज्ञानी व अर्नेस्ट मॅकलॉक नांवाचे डॉक्टर किरणांचा शरीरावर काय परिणाम होतो हें पाहत होते. त्यांनीं उंदरांवर तीव्र किरण सोडून त्यांची मज्जा मारली आणि मग दुसऱ्या उंदरांची मज्जा त्यांच्या शिरेंत सोडली. दहा दिवसांनीं, एका रविवारीं, मॅकलॉक ते उंदीर तपासावयास गेले असतां त्यांच्या प्लीहेवर त्यांना बारीक गांठी दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या पाहून सोडून दिल्या असत्या. यांनीं त्या मोजल्या. आणि मज्जेच्या जितक्या अधिक पेशी दिल्या तितक्या गांठी अधिक, असा हिशेब जमला. सुमारें दहा हजार पेशींमागें एक गांठ. हें १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. दोन वर्षांनीं त्यांनीं सिद्ध केलें कीं प्रत्येक गांठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे. तीच मूलपेशी. एखाद्या जुन्या घराण्यांत एक मुलगा घर राखण्यासाठीं मागें राहतो आणि बाकीचे नाना धंद्यांसाठीं बाहेर पडतात, तसें या पेशीचें आहे : ती दुभंगते तेव्हां कांहीं संतति तिच्यासारखीच राहते, कांहीं रक्ताच्या तांबड्या पेशी होते, कांहीं पांढऱ्या. बँटिंग व मॅक्लिऑड यांस शोधानंतर अवघ्या दोन वर्षांत नोबेल पारितोषिक मिळालें; टिल व मॅकलॉक यांना तें कधींच मिळालें नाहीं. असो.

या ज्ञानावर आधारलेला एक उपचार आज पक्का झालेला आहे, आणि तो रक्ताच्या रोगांवरचा. डोनल थॉमस यांनीं अमेरिकेंत १९५७ पासून मज्जारोपणाची खटपट चालविली व १९९० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं १९८३ सालीं देशांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण केलें. रक्ताची मूलपेशी रक्त करते. यांत आश्चर्य नाहीं, तें तिचें कुलकर्मच आहे. प्रश्न असा कीं मज्जेंतील पेशी स्वादुपिंडाचा धंदा शिकेल काय?

२००३ सालीं न्यू यॉर्कच्या संशोधकांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून 'होय' असें उत्तर दिलें. मज्जेंतून आलेल्या पेशी बेटांत बसून इन्शुलिन करूं लागल्या, असें त्यांनीं लिहिलें. जगभर गाजावाजा झाला. परंतु लवकरच दुसऱ्या प्रयोगशाळांनीं तशीच परीक्षा केली, आणि त्यांना तसें कांहीं विशेष दिसेना. कॅनडांतील एका चमूला निराळेंच दिसलें : मज्जेच्या पेशी स्वादुपिंडांत जमतात खऱ्या, पण इन्शुलिन करावयास त्या स्वतः बसत नाहींत, त्यांच्या सान्निध्यानें तेथल्याच जुन्या पेशींना उभारी येते. मज्जेंतील दुसऱ्या एका जातीच्या पेशींना अमेरिकेंतील आर्नल्ड कॅप्लन यांनीं १९९१ सालीं 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हें नांव दिलें होतें. तें जगभर रूढ झालें. त्याच कॅप्लन यांनीं २०१७ सालीं लेख लिहून सांगितलें कीं हें नांव आतां बदला. या पेशी शरीरांत नवा अवयव घडवीत नाहींत, त्या औषधी संकेत देतात. बारशाला बसलेल्यानेंच पुढें नांव मागें घ्यावें, असें शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच घडतें, आणि मला त्यांचें मोठें कौतुक वाटतें.

आतां मुख्य गोष्ट. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावर या पेशींची माणसांत परीक्षा करणाऱ्यांत आपला देश मागें नव्हता. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेंत डॉ. अनिल भन्साळी व त्यांचे सहकारी यांनीं दहा रोग्यांवर केलेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षांहून अधिक काळ मधुमेह असलेले, तीन-तीन गोळ्यांना न जुमानणारे, भरपूर इन्शुलिन लागणारे असे हे रोगी. त्यांचीच मज्जा काढून तिच्या पेशी धमनींतून बारीक नळी सरकवून थेट स्वादुपिंडाच्या रक्तप्रवाहांत सोडल्या. दहांपैकीं सात जणांची इन्शुलिनची गरज तीन-चतुर्थांशानें उतरली. तिघांचें इन्शुलिन साफ सुटलें. पैकीं एकाचें तें सुख फार टिकलें नाहीं.

एवढ्यावर कोणीहि जाहिरात छापली असती. भन्साळींनीं पुढचा प्रयोग मांडला, आणि तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. या वेळीं एकवीस रोगी घेतले व चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. अकरा जणांना खऱ्या पेशी दिल्या. दहा जणांवर उपचाराचें नुसतें सोंग केलें. पेशी दिल्याच नाहींत. ऐकतांना हें क्रूर वाटतें, पण त्यावांचून गत्यंतर नसतें, कां तें आंकडेच सांगतील. वर्षअखेर पेशी मिळालेल्या गटाचें इन्शुलिन सरासरी दिवसास ४२ युनिटांवरून १४ वर आलें. अकरांपैकीं नऊ जणांची गरज निम्म्यानें किंवा त्याहून अधिक घटून साखरहि आटोक्यांत राहिली. सोंगाच्या गटांत तसा एकहि निघाला नाहीं. हा गुण खराच. परंतु सोंगाच्या गटाचें सरासरी इन्शुलिन कितीवर आलें म्हणतां? ४०.५ वरून २७.५ वर! कांहींएक न देतां तेरा युनिटें उतरलीं. माझ्या समजुतीनें वारंवार होणारी तपासणी, पथ्याची डॉक्टरांकडून सतत मिळणारी आठवण, आणि आपल्यावर कांहींतरी मोठा इलाज झाला आहे ही भावना, हीं त्याचीं कारणें असावींत. पहिल्या गटांत २८ युनिटांची घट झाली. तींतून हीं १३ वजा करा. पेशींच्या पदरीं उरतात १५.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मागें एका उपचारालयाचें रंगीत पत्रक माझ्यापुढें टाकलें होतें. त्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें कीं आमच्याकडील रोग्यांचें इन्शुलिन एक-तृतीयांशानें कमी झालें. मीं त्यांना चंदीगडचा तो दुसरा गट दाखविला. ४०.५ वरून २७.५ म्हणजे सुमारें एक-तृतीयांशच कीं! तेवढा गुण तेथें रिकाम्या सुईनेंहि आला होता. ज्या पत्रकांत तुलनेचा गट नाहीं, त्यांतील आंकड्यावरून औषधाचा गुण काढतांच येत नाहीं. मग तो आंकडा खरा असला तरी.

पुढचा इतिहास असाच सावकाश चालला आहे. २०१५ सालीं अमेरिकेंत एकसष्ट रोग्यांना दुसऱ्या दात्यांच्या मज्जेंतील पेशी निरनिराळ्या प्रमाणांत शिरेवाटे देऊन बारा आठवडे पाहण्यांत आलें. अपाय दिसला नाहीं, गुण बेताचाच दिसला. २०१७ सालीं चंदीगडकरांनीं तीस रोग्यांचे तीन गट करून दोन जातींच्या पेशींची तुलना केली. दोन्ही पेशीगटांत दहांपैकीं सहा जणांचें इन्शुलिन निम्म्यानें किंवा अधिक उतरलें, सोंगाच्या गटांत कोणाचेंच तितकें नाहीं. त्यांत एक सूक्ष्म गोष्ट अशी दिसली कीं एका जातीच्या पेशींनीं वाफा पाणी बरें पिऊं लागला, तर दुसऱ्या जातीच्यांनीं बैलाला थोडा हुरूप आला. मला हें फार महत्त्वाचें वाटतें. परंतु दहा-दहा माणसांचे गट आणि एक वर्षाची मुदत, यांवर जन्मभराच्या रोगाचा निकाल लावतां येत नाहीं, हें प्रयोग करणारेहि जाणतात.

सरकारनेंहि यांत लक्ष घातलेलें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेंत रक्ताच्या मूलपेशींचें रोपण त्याच्या ठराविक रोगांसाठीं मान्य उपचार म्हणून धरलें आहे. बाकी सर्व, मधुमेह धरून, रीतसर मंजूर झालेल्या प्रयोगापुरतेंच. २००९ पासून औषधांच्या अशा प्रयोगांची नोंद सरकारी नोंदवहींत करणें भाग आहे, आणि ती नोंदवही कोणालाहि पाहतां येते. तेव्हां उपचारालयानें 'आमचा प्रयोग आहे' असें म्हटलें तर नोंदीचा क्रमांक मागावा. क्रमांक न देतां रकमेचा आंकडा सांगितला तर उठून यावें. पेशी स्वतःच्याच आहेत, मग अपाय कसला, असेंहि कित्येक म्हणतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेली अमेरिकेची एक हकीकत त्यांनीं ऐकावी. फ्लॉरिडांतील एका उपचारालयांत तीन वृद्ध स्त्रियांनीं प्रत्येकीं ५,००० डॉलर भरून स्वतःच्याच चरबींतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोंचून घेतल्या. त्यांची दृष्टि जवळजवळ गेली.

दरम्यान बैल मेला आहे कीं नुसता बसला आहे, या प्रश्नावर दुसरीकडून उजेड पडला. २०१२ सालीं न्यू यॉर्क येथें डोमेनिको अच्चिली यांच्या प्रयोगशाळेंत उंदरांत असें आढळलें कीं बीटा पेशी मरतात असें नव्हे. त्यांतल्या पुष्कळ आपला धंदा विसरून अर्धवट बाल्यावस्थेंत जातात. आणि ब्रिटनमध्यें ३०६ रोग्यांवर झालेल्या, २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अर्ध्यांना कांहीं महिने अगदीं मोजका आहार देऊन वजन उतरविलें, तेव्हां वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के औषधांवांचून मधुमेहमुक्त होते. नेहमींचा उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. हे सर्व रोगी रोग जडून सहा वर्षांच्या आंतले होते आणि इन्शुलिनवर नव्हते, हें मात्र विसरतां कामा नये. चंदीगडचे रोगी याच्या फार पुढें गेलेले होते. सुश्रुताची विहीर वेळेवर खणली तर उपयोगी. बैल बसल्यावर खणून काय होणार?

अशा फार पुढें गेलेल्या एका रोग्याची हकीकत ३० एप्रिल २०२४ रोजीं शांघायहून प्रसिद्ध झाली. वय ५९, मधुमेह पंचवीस वर्षांचा, २०१७ सालीं मूत्रपिंड बदललेलें. तेथील डॉक्टरांनीं त्याच्याच रक्तांतील पेशी घेतल्या. जपानचे शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं प्रौढ पेशीला पुन्हां बाल्यावस्थेंत नेण्याची युक्ति शोधली होती. त्या वाटेनें त्या पेशींना मागें नेऊन, मग प्रयोगशाळेंतच त्यांना बेटांचा धंदा शिकवून, जुलै २०२१ मध्यें तीं बेटें त्याच्या यकृतांत सोडलीं. म्हणजे मज्जेच्या पेशींकडून जें होत नव्हतें तें आधीं बाहेर करून घेतलें. अकराव्या आठवड्यांत त्याचें इन्शुलिन सुटलें, पुढें गोळ्याहि सुटल्या, आणि तेहेतीस महिन्यांनंतरहि तो त्यांवांचून होता.

मिन्कोव्स्कीच्या कुत्र्याप्रमाणें यालाहि जें दिलें तें त्याचें स्वतःचेंच होतें. परंतु परक्या मूत्रपिंडासाठीं प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें तो आधींपासूनच घेत होता. तीं नसतीं तर बेटें टिकलीं असतीं काय, हें या एका माणसावरून कळत नाहीं; आणि त्याच्यासाठीं सोंगाचा गट नव्हता. तें कळण्यासाठीं मूत्रपिंड शाबूत असलेले, तीं औषधें न घेणारे रोगी निवडून हाच प्रयोग पुन्हां करावा लागेल.